प्रयोगाला देह आमचे, प्रयोगशाळा कुणाची?

परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर एखाद्या संध्याकाळी चक्कर मारा. नांदेड, सोलापूर, बुलढाण्यापासून थेट बिहारपर्यंतची माणसे फाईल छातीशी धरून बसलेली दिसतील. उद्या 'लाईट' घ्यायची पाळी आहे, रात्र इथेच काढायची. नशीबवान असतील त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. या माणसांपुढे 'नॅनो' हा शब्द उच्चारला तर त्यांना टाटांची मोटार आठवेल. पण हा शब्द आता त्यांच्या जिवाशी जोडला जाऊ पाहत आहे. म्हणून चळवळीच्या वाचकाने तो समजून घेतला पाहिजे.

किरणोपचार कर्कपेशीतील डीएनए तोडतो. परंतु काही पेशी तुटलेला डीएनए सांधून पुन्हा उभ्या राहतात. गाठीच्या ज्या भागात रक्त आणि प्राणवायू कमी पोहोचतो, तिथे किरणांचा माराही कमी पडतो. नेमक्या याच पेशी उष्णतेपुढे कमजोर ठरतात. गाठ साधारण 41 ते 43 अंशांपर्यंत तापवली की डीएनए सांधणारी यंत्रणा ढिली पडते. म्हणून उष्णता आणि किरण यांची जोडी. नेदरलँड्समधील 358 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. त्यात गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या स्त्रियांपैकी तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण नुसत्या किरणोपचाराने 27 टक्के, तर उष्णतेची जोड दिल्यावर 51 टक्के होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 2005 सालच्या 110 स्त्रियांच्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. अर्धे सत्य सांगणे हा प्रस्थापितांचा धंदा आहे, आपला नव्हे.

खोलवरची गाठ तेवढीच तापवायची आणि शेजारचा निरोगी अवयव भाजू द्यायचा नाही, हीच मोठी अडचण आहे. इथे नॅनोकण उपयोगी पडतील अशी आशा आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचे इतके सूक्ष्म कण गाठीत पोहोचले, तर ते क्ष-किरण अधिक शोषून जागच्या जागी मारा वाढवतात आणि अवरक्त प्रकाश पडला की तापतात. एकच कण, दोन कामे! 2004 साली उंदरांवरील प्रयोगात सोन्याचे कण व किरण मिळून वर्षभराने 86 टक्के उंदीर जगले, नुसत्या किरणांनी 20 टक्के. बर्लिनच्या एका कंपनीने मेंदूच्या गाठीत लोह-ऑक्साईडचे कण सोडून ते चुंबकीय क्षेत्राने तापवण्याची पद्धत काढली. तिला 2010 साली युरोपात मान्यता मिळाली, 2011 साली 59 रुग्णांचा अभ्यासही आला. तीच कंपनी 2022 साली दिवाळखोरीत गेली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. यकृतात, प्लीहेत साचणाऱ्या कणांचे पुढे काय, हा प्रश्नही सुटलेला नाही. म्हणजे माणसांवरच्या चाचण्या अजून बऱ्याच व्हायच्या आहेत.

त्या कोणाच्या देहावर होणार? इतिहास पाहा. उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचे धाराशिव) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे जगाला या खेड्यांतील बायांमुळे कळले. पण तुलनेसाठी ठेवलेल्या 31 हजारांवर स्त्रियांची तपासणी झाली नाही, आणि त्यांतील 64 जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी केलेल्या गटात हा आकडा 34 होता. खम्मममध्ये 2009 साली आदिवासी मुलींना लस टोचताना पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या. संसदीय समितीने 2013 साली त्यावर कडक ताशेरे ओढले. ज्ञान आमच्या देहातून निघाले. त्याचा लाभ आमच्या वस्तीपर्यंत किती पोहोचला?

आणि प्रयोगशाळेत कोण आहे? 2006 सालच्या केंद्रीय शिक्षण संस्था प्रवेश आरक्षण कायद्याच्या परिशिष्टात आरक्षणातून सूट दिलेल्या संस्थांची यादी आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. त्यात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, टाटा मेमोरियल सेंटर आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, नॅनो संशोधनात अग्रेसर असलेले बंगळूरचे जवाहरलाल नेहरू केंद्रही आहे. किरण, कॅन्सर आणि नॅनो, तिन्ही दारांवर एकच पाटी! अध्यापकांच्या आरक्षणाचा 2019 सालचा कायदाही या संस्थांना लागू नाही. 2007 साली सुरू झालेल्या नॅनो मिशनला पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपये मंजूर झाले. तो पैसा जनतेचा होता. गुणवत्तेच्या नावाखाली आमच्या मुलांना आरक्षण नाकारायचे, आणि चाचणीसाठी रुग्ण हवे असले की आमच्याच वस्तीची वाट धरायची, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. कला आणि कायद्याच्या पदव्यांवर समाज थांबला तर उद्याचे ज्ञान त्याच्या हातातून निसटेल, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

म्हणून आपली मागणी विज्ञानाच्या विरोधात नाही; विज्ञानात वाटा मिळण्याची आहे. सूट देणारे परिशिष्ट रद्द करा. नव्या उपचाराच्या प्रत्येक चाचणीत संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत द्या, नैतिकता समितीत वस्तीचा प्रतिनिधी घ्या, आणि चाचणी यशस्वी ठरली तर तो उपचार त्याच रुग्णांना मोफत द्या. सोन्याचे कण येतील तेव्हा येतील. गर्भाशयमुखाची साधी तपासणी मात्र आजच प्रत्येक तालुक्यात झाली पाहिजे. आणि विहारात अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी भौतिकशास्त्राचीही पुस्तके ठेवावीत. फुटपाथवर फाईल धरून बसलेल्या आईची मुलगी उद्या त्याच इमारतीत संशोधक म्हणून शिरली पाहिजे. 'शिका' या शब्दाचा आजचा अर्थ हाच आहे.

जय भीम!