काजळ कुणाच्या डोळ्यात?

मंडळी, घरातली मुलगी आरशासमोर बसून 'स्मोकी आय' करू लागली की आम्हा म्हाताऱ्यांची जीभ सैल सुटते. "हे काय भुतासारखं!" पण ती नेमकं करते काय? पापणीच्या कडेला काळी पेन्सिल फिरवते, बोटाने पसरवते, वर करडी पावडर लावून कडा पुसट करते. रंग बाहेरच राहतो. झोपण्यापूर्वी पुसला की संपलं.

आणि आम्ही? एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवायची, तुपात खलायची आणि बोटाने दहा दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात घालायची! डोळे मोठे होतात म्हणे. डोळे होते तेवढेच राहतात. बोटावरचे जंतू मात्र आत जातात. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत तर शिसं सापडलं आहे, आणि ते बाळाच्या मेंदूला घातक. बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात, पण परंपरा म्हटलं की आमचे कान बंद.

तेव्हा नातीला बोल लावण्याआधी पतवंडाच्या डोळ्यातलं काजळ थांबवा. दृष्ट काढायचीच असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळा की! डोळ्यांना हात कशाला?