आम्लाने तुमचं काय घोडं मारलंय?

आपल्याकडे आता दोनच आजार उरलेत: गॅस आणि ॲसिडिटी. डोकं दुखलं, गॅस. पाठ धरली, गॅस. साहेब ओरडले, ॲसिडिटी. औषधही एकच. सकाळी उठल्या उठल्या पॅन्टोप्राझोल, मग चहा. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही आणि आपणही ‘पॅन द्या हो एक पाकीट’ असं कोथिंबीर मागावी तितक्या सहज म्हणतो.

ज्याच्या नावाने हा शिमगा चाललाय, ते आम्ल पोटात करतं काय, हे विचारायची मात्र कुणाला फुरसत नाही. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस पाझरतं. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशिवाय पेप्सिन जागं होत नाही, आणि उसळीतल्या प्रथिनांची मोडतोड जठरात सुरू होते ती पेप्सिनमुळे. पाणीपुरीच्या पाण्यातून आत गेलेले बरेचसे जंतू याच आम्लात मरतात. भाजीतलं लोह त्याच्यामुळे विरघळतं, अन्नातलं बी १२ त्याच्यामुळे सुटं होतं. दूध-दह्यावर कसंबसं बी १२ गोळा करणाऱ्या शाकाहारी घरांतही वर्षानुवर्षं हा पहारेकरी गोळी देऊन झोपवला जातो, आणि मग हातापायांना मुंग्या का येतात म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे रांग!

सोड्याची भक्ती तर विचारूच नका. खाण्याचा सोडा आम्लात पडला की कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे ज्या दणदणीत ढेकरेनंतर ‘हं, आता मोकळं वाटलं’ म्हणता, तिच्यातला बराचसा वायू तुम्हीच मिनिटभरापूर्वी गिळलेल्या सोड्याचा असतो.

छातीत जळजळणाऱ्या बहुतेकांचं आम्ल मुळात जास्त नसतंच. ते भलत्या ठिकाणी चढलेलं असतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. रात्री अकराला बिर्याणी हाणून साडेअकराला आडवं व्हायचं, सुटलेल्या पोटाचा भार तिच्यावर टाकायचा, वर सिगारेट आणि दारूने तिला सैल करायचं, आणि बोंब मारायची आम्लाच्या नावाने!

व्रण झालाय, पोटात रक्तस्राव झालाय, म्हातारपणी रोज वेदनाशामक घ्यावं लागतंय, अशांसाठी ही गोळी जीव वाचवणारी आहे. त्यांनी माझं ऐकून ती बंद करू नये. पण व्रणाचंही खापर आपण पिढ्यान्‌पिढ्या तिखट आणि टेन्शनवर फोडलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठरात वळणदार जंतू सापडले, तेव्हा इतक्या आम्लात जंतू जगतीलच कसे म्हणून पंडितांनी नाकं मुरडली. १९८४ मध्ये मार्शल ते जंतू चक्क प्यायला आणि त्याच्या जठराला सूज आली. या जंतूंचा व्रणाशी संबंध दाखवल्याबद्दल २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र व्रण म्हटलं की आजही पहिली बंदी मिरचीवर.

यातलं निम्मं मी हसण्यावारी नेलं असतं. पण हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर दुखणं बेंबीच्या वर जाणवू शकतं, सोबत मळमळ आणि घाम. ईसीजी काढायला पाच-दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे मात्र त्याआधी सोडा होतो, मग ओव्याची फक्की, मग लिंबूपाणी, आणि एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, सकाळपर्यंत बघू.