रंगाचा हिशोब भिंतीपासून धरावा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपली वडीलधारी माणसे म्हणत. त्यात घर रंगविण्याचा उल्लेख नाही. माझ्या आजोबांच्या लाकूड-पत्र्याच्या घराला गणपतीच्या आधी चुन्याचा एक हात मिळे, आणि तो हात घरातलीच माणसे देत. १९६० च्या कॅरोल वादळाने तशी घरे झोपविली. त्यानंतर आपल्या मॉरिशसमध्ये काँक्रीटची घरे वाढली, काँक्रीटबरोबर गिलावा आला आणि गिलाव्याबरोबर रंगाऱ्याचे बिल आले. तरीही घरखर्चाच्या वहीत रंगासाठी ओळ राखून ठेवणारी कुटुंबे मला फारशी आढळत नाहीत. रंगाचे पैसे आम्ही शेवटच्या आठवड्यात शोधतो, आणि मग जे होते ते मी गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीत अजमानला पाहिले.

माझा धाकटा भाऊ दुबईत नोकरी करतो आणि अजमानला राहतो. संयुक्त अरब अमिरातीतील सात अमिरातींत अजमान सर्वांत लहान. दुबईपेक्षा भाडे कमी म्हणून पुष्कळ नोकरदार तेथे घर घेतात व रोज ये-जा करतात. परंतु अजमानमध्येही समुद्रकाठचा कॉर्निश हा महाग भाग. आत नुआइमियासारख्या वस्तीत जे काम एका दराने होते, त्याचा दर कॉर्निशच्या उंच इमारतीत चढतो. भाऊ सहा वर्षे तेथे दोन शयनगृहांच्या घरात होता. भाडे वर्षाला ४५,००० दिरहम आणि अनामत त्याच्या पाच टक्के, म्हणजे २,२५० दिरहम. आता घर सोडायचे ठरले, तेव्हा इमारतीच्या कचेरीने कळविले की, भिंती पहिल्यासारख्या रंगवून द्या, नाहीतर आमचा माणूस ३,००० दिरहमला रंगवील आणि अनामत त्यात जमा होईल. घर सोडायला दहा दिवस उरले होते.

शेजारच्या दुबईत २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्याने भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यायची असते, परंतु नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. अजमान ही वेगळी अमिरात, तिचे नियम स्वतंत्र. म्हणून आधी करारनामा काढून वाचावा. भावाने तो सहा वर्षांपूर्वी सही करताना वाचला नव्हता. त्यात रंग भाडेकरूकडे, असे स्वच्छ लिहिलेले होते. वाद संपला.

मग ‘ओळखीचा माणूस’ सापडला. त्याने ९०० दिरहम सांगितले, आणि आम्हांला आनंद झाला! मी पंचवीस वर्षे मुलांना गणित शिकवते, तरी त्या क्षणी मी टेप हातात घेतला नाही, याची मला अजून लाज वाटते. तो आणि त्याचा एक साथीदार शुक्रवारी रात्री आले, रंगाचा अठरा लिटरचा एक डबा घेऊन. रविवारी पहाटेपर्यंत घर पांढरेशुभ्र झाले. सोमवारी स्नानगृहाच्या मागच्या भिंतीवर ओल परत दिसू लागली, कपाटामागची काळी बुरशी रंगातून डोकावू लागली आणि वातानुकूलन यंत्राच्या जाळीखाली पोपडे सुटले. खारी, दमट हवा बाहेर आणि थंड भिंत आत. तेथे नुसता रंग किती दिवस टिकणार?

तेव्हा कोठे मी भिंती मोजल्या. दारे-खिडक्या वजा जाता २३० चौरस मीटर. छत चांगले होते, ते सोडले. साधा पाण्याचा रंग एका लिटरमध्ये सुमारे दहा चौरस मीटरला एक हात देतो. दोन हात द्यायचे तर ४६ लिटर लागतात, म्हणजे तीन डबे. एका डब्यात १८० चौरस मीटर होतात, तेही एकदाच. उरलेले पन्नास पाण्यावर भागविले होते. आमच्या सहावीच्या मुलाने हे उदाहरण पाच मिनिटांत सोडविले असते.

मी त्या रंगाऱ्याला फोन केला, जरा रागातच. तो शांतपणे म्हणाला, “दीदी, नऊशेमध्ये घासकाम बसत नाही. तुम्ही विचारले असते तर मी सांगितले असते.” बोलता बोलता हेही कळले की तो एका कंपनीच्या व्हिसावर आहे आणि सुट्टीच्या दिवशी चोरून बाहेर काम करतो. त्या देशात दुसऱ्याच्या परवान्यावरच्या माणसाला परवानगीशिवाय कामाला लावणे हा गुन्हा आहे. आम्हांला मोठा दंड झाला असता, आणि त्याची तर नोकरी आणि देशातले राहणे दोन्ही गेले असते. आमची बचत कशातून झाली होती, ते मला उमगले. आपले आजे-पणजे गिरमिट संपल्यावरही १८६७ च्या कामगार कायद्यामुळे छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगल्याशिवाय रस्त्याने जाऊ शकत नव्हते. पास नसला की भटक्या ठरवून पकडत. शाळेत हा धडा शिकविताना माझा आवाज चढतो. अजमानला मात्र मी त्या माणसाला ‘पास आहे का’ एवढेही न विचारता रात्रीच्या कामाला लावले होते.

नंतर परवाना असलेल्या एका छोट्या कंपनीला बोलाविले. त्यांनी लेखी फोड दिली: सामान ६५०, दोन माणसांची चार दिवसांची मजुरी व इतर १,०५०, त्यावर २०१८ पासून लागू झालेला पाच टक्के कर ८५, एकूण १,७८५. जुना थर खरवडणे, बुरशी धुणे, पुट्टी म्हणजे आपली जुनी लांबी भरणे, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे, अस्तर आणि मग दोन हात. पहिले दोन दिवस त्यांनी रंगाचा डबा उघडलाही नाही. वहिनी घाबरली, मी म्हटले, आता होतेय ते खरे काम.

महाग वस्तीत दर जास्त का, हेही मी त्यांच्या मुकादमाला विचारले. सामानाची लिफ्ट ठराविक वेळीच मिळते, गाडी लांब उभी करावी लागते, जिन्याची फरशी झाकावी लागते, आवाजाचे काम दुपारी बंद ठेवावे लागते. तो वेळ मजुरीत धरावाच लागतो. पण याहून अधिक जे मागतात ते नुसते पत्त्याचे पैसे, आणि लेखी फोड मागितली की ते बऱ्याचदा गळून पडतात. इमारतीच्या कचेरीने ३,००० ची फोड अखेरपर्यंत दिली नाही.

म्हणजे भावाचे एकूण गेले २,६८५ दिरहम. २,२५० ची अनामत वाचविण्यासाठी! सहा वर्षे म्हणजे बहात्तर महिने. घरात शिरल्या दिवसापासून त्याने महिन्याला २५ दिरहम बाजूला टाकले असते, तर १,७८५ चे काम हसत झाले असते आणि रंगाऱ्याशी घासाघीस करण्याची पाळी आली नसती. भाड्याच्या घरात रंग हा भाड्याचाच भाग समजावा, असे माझे मत आहे, आणि ते मी भावाला आता सांगते आहे, उशिरा का होईना.

आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर बंगले वाढत चालले आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या आमच्यासारख्या साध्या घरांनाही बंगल्याचे दर सांगितले जातात. मी परत आल्यावर घराच्या बाहेरच्या भिंती मोजल्या: १८५ चौरस मीटर. दोन मिस्त्र्यांकडून लेखी फोड मागितली आहे. एकाने खरवडण्याचे पैसे लिहिलेच नव्हते; त्याला कागद परत पाठविला. काम वादळाचे दिवस उलटल्यावर, कोरड्या हवेत, जुलैमध्ये निघेल. गणपतीपर्यंत आवरायला हवे.