द्वारपालाची गोष्ट

गेल्या महिन्यांत एका रविवारीं सायंकाळीं आमचा धाकटा नातू फुटबॉलच्या सामन्याहून परतला, तो कोणाशीं एक शब्दही न बोलतां माजघरांत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. चौकशी करतां कळलें कीं, त्याच्या शाळेचा संघ एका गोलानें हरला व गोल राखण्याचें काम त्याच्याकडे होतें. परततांना सोबत्यांपैकीं एकही त्याच्याशीं बोलला नाहीं. आजीनें लाडू पुढें केला. काकांनीं ‘पुढच्या खेपेस दुसरी जागा माग’ असा व्यवहारी सल्ला दिला. आम्हीही तीस वर्षांच्या मास्तरकीच्या संवयीनें चार उपदेशाचे शब्द बोलण्यास सिद्ध झालों. परंतु तोंड उघडण्यापूर्वींच एक जुनी गोष्ट आठवली व आम्ही गप्प बसलों.

ती गोष्ट आमच्याच हातून घडलेल्या अपराधाची आहे. आम्ही शिकवीत होतों त्या शाळेंत एक विद्यार्थी असाच गोल राखीत असे. एका सामन्यांत त्याच्या हातून चेंडू निसटला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत तत्पुरुष समास चालला असतां आम्हीं त्यास ‘द्वारपाल’ या शब्दाचा विग्रह विचारला, आणि तो उत्तर देण्याच्या आंतच म्हणालों, ‘तुझ्या बाबतींत पाल हें पद गळलें आहे, नुसतें द्वारच उरलें!’ सारा वर्ग खो खो हंसला. आम्हांसही आपल्या विनोदाचें कौतुक वाटलें. तो मुलगा मात्र त्यानंतर मैदानावर कधीं दिसला नाहीं.

म्हणून नातवास उपदेश न करतां आम्हीं एका खऱ्याखुऱ्या द्वारपालाची हकीकत सांगितली. ती वाचकांसही रुचेल असें वाटतें.

रुडॉल्फ हिडेन हा ९ मार्च १९०९ रोजीं ऑस्ट्रिया देशांतील ग्राट्स या शहरीं जन्मला. पाव भाजण्याचा धंदा तो शिकला होता. परंतु नशिबीं भट्टीपुढें उभें राहणें नसून गोलाच्या दोन खांबांमध्यें उभें राहणें होतें. अठराव्या वर्षीं, म्हणजे १९२७ सालीं, तो व्हिएन्नाच्या एका नामांकित क्लबांत गेला. व्हिएन्ना ही त्या काळीं जशी संगीताची तशीच फुटबॉलचीही राजधानी होती, आणि युरोपखंडावर वेतन घेऊन खेळणाऱ्या संघांची पहिली स्पर्धा १९२४ सालीं तेथेंच सुरू झाली होती. दुसऱ्याच वर्षीं, १९२८ मध्यें, हिडेन ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघांत आला.

मे १९३० मध्यें इंग्लंडचा संघ व्हिएन्नास आला. इंग्लंड हें या खेळाचें माहेर. परंतु हिडेन गोलावर असतां त्यांस एकही गोल करतां आला नाहीं व सामना बरोबरींत सुटला. लंडनच्या आर्सेनल क्लबाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं या एकवीस वर्षांच्या तरुणास आपल्या क्लबांत घेण्याचें ठरविलें. बोलणीं झालीं, पैसे ठरले, हिडेन निघालाही. परंतु इंग्लंडच्या मजूर खात्यानें त्यास प्रवेश नाकारला व बंदरावरूनच परत लाविलें. जें काम इंग्लिश माणूस करूं शकतो त्यासाठीं परदेशी माणूस नको, असें खात्याचें म्हणणें होतें, आणि खेळाडूंच्या संघटनेचाही विरोध होता. न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, तें वर्ष मंदीचें होतें व त्या देशांत बेकारांची संख्या वीस लाखांच्या घरांत गेली होती. गंमत अशी कीं, आर्सेनलनें त्याच सुमारास एका डच गोलरक्षकास घेतलें, आणि तें चाललें. कारण तो हौशी होता, वेतन घेत नव्हता! पुढें १९३१ सालीं तेथील फुटबॉल मंडळानें असा नियमच केला कीं, दोन वर्षें इंग्लंडांत वास्तव्य झाल्याखेरीज परदेशी धंदेवाईक खेळाडू घेऊं नये. तो नियम १९७८ पर्यंत टिकला.

भागवतांत जयविजयांची कथा आहे. वैकुंठाच्या द्वारीं उभ्या असलेल्या त्या दोघांनीं सनकादिकांस अडविलें व शाप ओढवून घेतला. येथें प्रकार उलटा झाला. द्वारपालच परक्या दारीं गेला आणि तेथल्या द्वारपालांनीं त्यास अडविलें.

हिडेन परत आला व खेळूं लागला. ऑस्ट्रियाच्या संघाची धुरा तेव्हां ह्यूगो मायस्ल यांच्याकडे होती, आणि आघाडीस माथियास सिंडेलार नांवाचा अंगानें काटकुळा पण बुद्धीनें विलक्षण असा खेळाडू होता. १६ मे १९३१ रोजीं या संघानें स्कॉटलंडचा पांच गोलांनीं फडशा पाडला. हिडेनच्या बाजूस एकही गोल झाला नाहीं. त्यानंतर आठच दिवसांनीं बर्लिन येथें जर्मनीवर सहा गोल झाले. तेथेंही आपल्या बाजूची पाटी कोरी. लोक या संघास ‘अद्भुत संघ’ म्हणूं लागले. एप्रिल १९३१ पासून चौदा सामन्यांत तो एकदांही हरला नाहीं.

मग तो दिवस आला. ७ डिसेंबर १९३२ रोजीं लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर ऑस्ट्रिया व इंग्लंड यांची गांठ पडली. ज्या देशाच्या बंदरावरून आपणांस परत लाविलें, त्याच देशांत हिडेन आतां आपल्या राष्ट्राचा गोलरक्षक म्हणून उतरला. तिकडे व्हिएन्नाच्या चौकांत ध्वनिक्षेपकाभोंवतीं माणसांची गर्दी लोटली होती. मध्यंतरापर्यंत इंग्लंडचे दोन गोल झाले. उत्तरार्धांत ऑस्ट्रियानें एक फेडला. इंग्लंडनें तिसरा केला. सिंडेलारनें दुसरा फेडला. इंग्लंडनें चौथा केला. आणि अखेरच्या मिनिटांत ऑस्ट्रियाचा तिसरा झाला. चारास तीन! अद्भुत संघ हरला.

येथें नातवानें प्रथमच मान वळविली व विचारलें, “आजोबा, चार गोल? मग लोक त्याला रागावले असतील ना?”

आम्हीं सांगितलें, तो सामना हरूनही ऑस्ट्रियाच्या मोठ्या सामन्यांत आजतागायत गणला जातो, आणि त्या चार गोलांमुळें हिडेनचें नांव कोणीं पुसून टाकलें नाहीं.

१९३३ सालीं तो पॅरिसच्या रेसिंग क्लबांत गेला. तोंपर्यंत ऑस्ट्रियाकडून वीस सामने झाले होते. १९३६ सालीं त्या क्लबानें फ्रान्सचें अजिंक्यपद व चषक दोन्हीं एकाच वर्षीं मिळविलीं. हिडेन पॅरिसमध्यें रमला व फ्रान्सचा नागरिक झाला. परंतु मागें जन्मभूमीची काय दशा झाली? मार्च १९३८ मध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला व ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय संघच नाहींसा झाला. जानेवारी १९३९ मध्यें सिंडेलार विषारी वायूनें मृत्यु पावला. ज्या दाराचें रक्षण करावयाचें, तें दारच जगाच्या नकाशावर उरलें नाहीं! २८ जानेवारी १९४० रोजीं, युद्ध चालूं असतां, हिडेन पॅरिस येथें फ्रान्सच्या वतीनें पोर्तुगालविरुद्ध एक सामना खेळला. फ्रान्सनें तो जिंकला. पण पुन्हां योग आला नाहीं, कारण त्याच जूनमध्यें जर्मन सेना पॅरिसांत शिरली. युद्धानंतर त्यानें इटलींत संघांस शिकविण्याचें काम केलें, आणि ११ सप्टेंबर १९७३ रोजीं व्हिएन्ना येथें तो वारला.

गोलरक्षकाचें काम मोठें विपरीत आहे. पुढें खेळणारा दहा वेळां चुकून एकदां साधला, तरी त्याच्या गळ्यांत माळ पडते. मागें उभा राहणारा दहा वेळां राखून एकदां चुकला, तर तीच एक चूक सर्वांच्या ध्यानांत राहते. आमच्या एकत्र कुटुंबांतूनही असे गोलरक्षक असतात. बारा महिने पंधरा पानांचा स्वयंपाक बिनबोभाट होतो, त्याची वार्ता नाहीं. एखादे दिवशीं आमटींत मीठ अधिक पडलें कीं ओटीपासून परसापर्यंत चर्चा! हें लिहितांना सूनबाई दारावरून गेल्या, आणि मागील सोमवारीं आम्हीही त्या चर्चेंत सामील होतों याची आठवण झाली.

पुढच्या रविवारीं नातू पुन्हां मैदानावर गेला, व आपली जागा त्यानें बदलून मागितली नाहीं. आम्हीही या वेळीं कुंपणाशीं जाऊन उभे राहिलों. त्याच्या बाजूस दोन गोल झाले. घरीं परततांना त्या दोहोंविषयीं आम्हीं एक अक्षर काढलें नाहीं; त्यानें अडविलेल्या चेंडूंविषयीं मात्र वाटभर विचारीत राहिलों, आणि तोही वाटभर सांगत राहिला.

आमचा तो जुना विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. त्याचा पत्ता मिळवून आम्हीं त्यास एक पत्र लिहिलें आहे. समासाचा विग्रह बरोबर करून दिला आहे, आणि क्षमा मागितली आहे. उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. त्यानें तें द्यावेंच असा आमचा हक्कही नाहीं.