नावांचा विटाळ

आमच्या काही उत्साही बांधवांनी अलीकडे एक टुमणे लावले आहे. रवी, सोम, मंगळ ही परदैवते. तेव्हा ख्रिस्ती माणसाने ‘रविवार’ न म्हणता ‘प्रभुवार’ म्हणावे आणि उरलेल्या वारांना नुसते अंक द्यावेत! परवा मिस्सानंतर एका आजीबाईंनी आम्हांला विचारले, “फादर, बुधवारच्या नोव्हेनाला जाते म्हणणंही पाप काय हो?” भाबड्या मनाला लागलेली ही टोचणी पाहून गप्प राहणे आम्हांला योग्य वाटत नाही.

वारांची नावे आली कोठून? प्राचीन ज्योतिषांनी शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा ग्रहांचा क्रम लावला व दिवसाचा एकेक तास एकेका ग्रहाला दिला. पहिल्या तासाचा जो स्वामी, त्याचेच नाव दिवसाला. चोवीसला सातांनी भागले की तीन उरतात. म्हणून शनीपासून तीन घरे पुढे रवी, रवीपासून तीन घरे पुढे चंद्र. रोमन इतिहासकार डिओ कॅसिअस याने तिसऱ्या शतकात ही रीत नोंदवली आहे. आपला ‘होरा’ हा शब्दही मूळचा ग्रीकच. भारतात एरण येथील इ. स. ४८४ च्या स्तंभलेखात गुरुवारचा उल्लेख सापडतो. एवढ्या देशांतून फिरून आलेली ही नावे कोणा एका धर्माची मिरास नव्हेत.

ब्रागाचे बिशप संत मार्टिन यांनी सहाव्या शतकात या नावांना विरोध केला होता, हे आम्हांला ठाऊक आहे. पोर्तुगीज भाषेत सोमवारला आजही ‘दुसरा वार’च म्हणतात. परंतु ख्रिस्तसभेने तो नियम साऱ्या भाषांवर लादला नाही. फ्रेंच व इटालियन कॅथलिकांचा मंगळवार अद्याप मंगळाचाच आहे. फार कशाला, गोव्यावर पोर्तुगिजांचा साडेचारशे वर्षे अंमल होता. तरी तेथील कॅथलिक माणूस ‘आयतार’च म्हणतो. आयतार म्हणजे आदित्यवार! दुसऱ्या शतकात संत जस्टिन यांनी रोमन सम्राटापुढे श्रद्धेचे समर्थन केले, तेव्हा आम्ही सूर्याच्या वारी उपासनेला जमतो, असेच त्यांनी लिहिले. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या त्या संताला शब्दाचा विटाळ झाला नाही. तो आम्हांला कसा व्हावा?

‘प्रभुवार’ हा शब्द सुंदर आहे. उपासनेत तो अवश्य असावा. पण रविवार टाकून आपल्याच मायबोलीत परके होण्याचे कारण काय? मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचाही वार. म्हणून त्या विसाव्याचे मोल आमच्यासाठी कमी होते काय?

प्रभूच्या दिवसाला खरा धोका निराळाच आहे. मिस्साच्या वेळी मुलांना शिकवणीला धाडायचे, घरकामाच्या बाईला सातही दिवस राबवायचे आणि वर तोंडाने ‘प्रभुवार’ म्हणायचे, यात कोणते पावित्र्य? बांधवांनी आधी आपल्या दुकानातील नोकराला रविवारी घरी जाऊ द्यावे. नावाचा विचार आपण मग सावकाश करू.