दार लावून घ्या म्हणणारा पोलीस



आमच्या चुलत सासूबाई, आम्ही त्यांना काकी म्हणतो, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचा चौविहार चुकलेला मला आठवत नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात एके दिवशी साडेपाच वाजले तरी काकी ताटावर आल्या नाहीत, तेव्हा त्यांची सून खोलीकडे गेली. दार आतून बंद. हाक मारली तर दबका आवाज आला, "हळू बोल गं, पोलीस आहेत."

खोलीत कोणी नव्हतं. डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल होता आणि त्यात खाकी कपड्यातला एक माणूस. "मुंबई विमानतळावर तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत. दार लावून घ्या, घरात कोणाला सांगू नका," असं त्याने सांगितलेलं. प्रवराकाठच्या आमच्या अकोल्यात राहणाऱ्या, विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या काकी तीन तास त्याच्यासमोर पासबुक मांडीवर घेऊन बसून होत्या. सुनेने फोन बंद केला. पैसे वाचले.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. घरातले सगळे हसले. "काकी, तुम्ही काय पार्सल पाठवलं होतं हो?" काकी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मला विचाराल तर त्या दिवशी चूक काकींची नव्हती, हसणाऱ्यांची होती. आणि हसणाऱ्यांत मीही होते.

शिकलेसवरले, मोठमोठे व्यवहार केलेले लोकसुद्धा यात सापडतात. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांचंच बघा. तेव्हा वय 82, आयुष्यभर कापडधंदा सांभाळलेले. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांना सीबीआयच्या नावाने फोन आला. जेट एअरवेजच्या नरेश गोयल यांच्या प्रकरणात तुमचं नाव आहे म्हणाले. खोटं वॉरंट दाखवलं, व्हिडिओवर सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी घेतली, त्यात खोटे सरन्यायाधीशही बसवले. सात कोटी रुपये गेले. त्यांनी लपवून न ठेवता पोलिसांत तक्रार दिली, म्हणून सव्वापाच कोटी परत मिळाले. तक्रार देण्याची हिंमत केली, हे मला त्यांच्या धंद्याइतकंच मोठं वाटतं.

आणि हे मोबाइल आल्यावरच सुरू झालं असंही नाही. आपल्यातल्या सराफ घरांनी 1987 ची मुंबईची गोष्ट ऐकली असेल. एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताज हॉटेलात मुलाखती घेऊन तरुण पोरं 'अधिकारी' म्हणून निवडली. 19 मार्चला त्यांना घेऊन ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयची धाड म्हणून गेला. झडतीचा खोटा कागद दाखवला आणि दागिने 'नमुने' म्हणून पिशव्यांत भरून निघून गेला. ती पोरं मात्र आपण खरंच सरकारी कामावर आहोत असं समजून दुकानातच थांबली. तो माणूस आजवर सापडलेला नाही. 'स्पेशल 26' हा सिनेमा यावरूनच आला.

बरं, जिथे इतकी तपासणी असते त्या विमानतळावर तरी कपड्यांची जादू चालत नाही का? चालते. नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्ली विमानतळावर एक माणूस लुफ्थान्साच्या कॅप्टनच्या गणवेशात पकडला गेला. गळ्यात खोटं ओळखपत्र. तो गणवेश घालून रांग टाळायचा, चांगली सीट मागायचा. लोक वाट करून द्यायचे, कारण टोपीवाल्या कॅप्टनला कोण विचारणार?

मैत्रिणींनो, दुखणं इथेच आहे. आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं की मोठ्यांना उलटून विचारायचं नाही आणि घरची गोष्ट बाहेर न्यायची नाही. दोन्ही संस्कार चांगल्या भावनेने दिलेले. पण तोतया नेमका त्यांच्यावरच जगतो. त्याला आपल्या पैशाआधी आपलं गप्प बसणं हवं असतं. म्हणून त्याचं पहिलं वाक्य एकच असतं, कोणाला सांगू नका.

खरा कायदा असं सांगत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाहीच. खऱ्या अटकेत पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव दिसावं लागतं, अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला सहसा अटक करता येत नाही. करायचीच झाली तर महिला पोलीस लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. चौकशीसाठी बाईला घराबाहेर बोलावण्याची सक्तीही पोलिसांना सहसा करता येत नाही. आणि सरकारी अधिकाऱ्याचं सोंग घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

मी पुण्याहून पहिल्यांदा विमानाने गेले तेव्हा माझं कार्ड पुन्हा पुन्हा बघितलं गेलं. मला राग आला नाही. मग दारात उभ्या असलेल्या वर्दीला मी "साहेब, ओळखपत्र दाखवा, मी ठाण्यात फोन करून विचारते" म्हटलं, तर त्यात अपमान कसला? आपण पाणी गाळल्याशिवाय पीत नाही. परक्याचा शब्दही गाळूनच घ्यायचा.

आमच्या घरी आता कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, 1930 हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलाय. पैसे गेलेच तर ताबडतोब फिरवायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आणि एक नियम केलाय. असा फोन आला की आधी खोलीचं दार उघडायचं आणि घरातल्या कोणालातरी मोठ्याने हाक मारायची. जो आत येईल त्याने हसायचं नाही.

संवत्सरीला मी काकींची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, पैसे गेले असते तर मी सांगितलंच नसतं कोणाला."

तेवढं मात्र आपल्या कोणाच्याही घरात होऊ देऊ नका.