आठ चॅनल आणि एक ढोलकी

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये 'फायनल फँटसी ६'च्या संगीताचा विषय निघाला. आमच्या टीममधला एकजण, त्या गेमचा कट्टर भक्त, म्हणाला, "अरे, हे काय साधंसुधं गेम म्युझिक नाय, आता फुल ऑर्केस्ट्रा वाजवतो हे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं सटकलं. आणि खरं सांगू का, ते गेमसाठी कमी आणि नारायणगावसाठी जास्त सटकलं. कसं ते सांगतो.

आधी गेमचं. १९९४ साली हा गेम सुपर फॅमिकॉमवर आला. संगीत नोबुओ उएमात्सुचं; हा बाबा संगीत स्वतःच शिकलेला. मशीनच्या साउंड चिपला एका वेळी आठ आवाज काढता येतात आणि तिची मेमरी ६४ केबी. रोज सकाळी काकालोक ग्रुपवर गुलाबाचा जो फोटो ढकलतात, तो बहुधा याच्यापेक्षा मोठा असतो. त्या ६४ केबीत वाद्यांचे नमुने, सुरावट, शिवाय तलवारीचा खणखणाट, सगळं कोंबायचं. तलवार वाजली की कधीकधी गाण्याचा एखादा आवाज तेवढ्यापुरता गायब! म्हणजे एक गडी बाद झाला तरी उभी राहील अशीच चाल बांधायची. त्यात या माणसाने चक्क ऑपेरा घुसवला. माणसाचा आवाज मावणार नाही, म्हणून सिंथेसायझरचं 'आ-ऊ' आणि गाण्याचे शब्द पडद्यावर. तरी काटा येतो अंगावर. 'डिस्टंट वर्ल्ड्स' नावाने २००७ पासून ऑर्केस्ट्रा हे संगीत घेऊन जगभर फिरतोय, मीही आवडीने ऐकतो. पण ती चाल आठ चॅनलमध्येच थोर होती हो. ऑर्केस्ट्रा हे मागाहून मिळालेलं सर्टिफिकेट.

हाच सर्टिफिकेटचा रोग आपल्याकडे तमाशाला लागलाय. पुण्याच्या एसी नाट्यगृहात, नऊवारी डिझायनर, तिकीट पाचशे, की ती 'लोककला'. तीच ढोलकी जुन्नर-आंबेगावच्या जत्रेत वाजली की 'डाऊनमार्केट'!

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात. रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे पाहिलंय. ढोलकी, हलगी, झांज आणि तुणतुणं. तुणतुण्याला तार एकच, सूर एकच. मोजा चॅनल! गणाला मागचे झीलकरी ओळीचं शेपूट उचलून जो टिपेचा 'जी जी' लावतात, तो उघड्या माळावर पार कनातीबाहेरच्या भेळवाल्यापर्यंत जातो. वगात हाणामारी सुरू झाली की दणके द्यायला तीच ढोलकी, तीच हलगी. पार्श्वसंगीत आणि साउंड इफेक्ट एकाच वाद्यावर! उएमात्सुपुढे जी अडचण होती तीच इथे पिढ्यान् पिढ्या आहे, आणि ती सोडवणाऱ्याला आपण 'कलाकार' म्हणताना कचरतो.

विठाबाई नारायणगावकर याच मातीतल्या. १९३५ चा जन्म, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढल्या. राष्ट्रपतींकडून गौरव झाला, आणि तरी २००२ साली गेल्या तेव्हा शेवटचे दिवस हलाखीचेच. आता त्यांच्या नावाने सरकारचा जीवनगौरव पुरस्कार आहे. पुन्हा तेच, सर्टिफिकेट मागाहून.

कुणी म्हणेल, अरे पण फडात आता कीबोर्ड आलाय, ऑक्टोपॅड आलाय, अर्धी रात्र सिनेमाची गाणी असतात. मान्य. पण वग सुरू झाला की खुर्च्या सोडून कोण उठतं? आपणच ना? शिट्ट्या कशाला वाजतात त्यावर फड चालतो, त्याला पोट आहे. २०२० आणि २०२१, जत्रांचे दोन हंगाम कोरोनाने खाल्ले, तेव्हा फडमालकांवर काय वेळ आली ते आठवा.

आणि गंमत बघा. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बैलगाडा बंद केला, तर आपल्या दोन्ही तालुक्यांनी रान उठवलं. मोर्चे काय, वकील काय! डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळवली, २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तबही झालं. बैलगाड्याला माझा विरोध नाही, आमच्या घाटात बारी बसली की मीही नाचतो. पण 'परंपरा, परंपरा' म्हणून बोंबलणारी हीच तोंडं तमाशाच्या सुपारीवर 'परवडत नाय' म्हणतात.

आता माझंच सांगतो. गेल्या वर्षी आमच्या गावच्या मीटिंगला मी होतो. निम्मी पोरं चाकणच्या कंपन्यांतली, दोन-चार माझ्यासारखी हिंजवडीची. फड म्हणजे शंभरेक माणसांचं बिऱ्हाड, ट्रक, जेवणखाण. डीजे म्हणजे एक टेम्पो आणि दोन पोरं. पाच मिनिटांत डीजे ठरला. मागच्या ओळीत एक म्हातारबा नुसते "आन हजेरी?" एवढंच म्हणाले. कुणी उत्तर दिलं नाही. मीपण नाही. माझ्या गळ्यात हेडफोन होता, त्यात तोच ऑपेरा होता, आणि मी गप्प बसून वर्गणी जीपे केली. त्या रात्री डीजेने आमच्या घराच्या खिडकीच्या काचा अशा थरथरवल्या की आजी देवघरात जाऊन बसली.

कँटीनमध्ये हे सगळं बोललो तर तो भक्त म्हणाला, "कुठे गेम, कुठे तमाशा!" मग त्याला विचारलं, तू तमाशा पाहिलायस का कधी? नाही. एकदाही नाही. साहेबांचं गाव मंचरच्या पलीकडे पाच किलोमीटर!

असो. यंदा मीटिंगला मी आधी बोलणार आहे, आणि डीजेला देतो त्याच्या तिप्पट वर्गणी फडासाठी लिहून देणार आहे. पाडव्याच्या आधीच्या रविवारी राहुट्यांवर चक्कर आहे. रेकॉर्डर घेतलाय; फडमालक हो म्हणाले तर ढोलकीच्या शेजारी बसून अख्खा गण टिपायचा विचार आहे. भक्तालाही घेऊन जातोय. अजून कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला नाशिक फाट्यावर या. मिसळ माझ्याकडून.